उजवी पावडी

वीतभर विणायचं राहिलं होतं आणि माग थांबला.

ज्या घरात माग आहे त्या घरातल्या बाईचा एक कान जन्मभर मागाकडे असतो. हात पुऱ्या लाटत असोत नाही तर तोंड शेजारणीशी भांडत असो, तिकडे खटखट चालू आहे तोवर जग ठिकाणावर आहे. नूतन ओट्याशी उभी राहून पुतणीच्या प्रवासासाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या तळत होती. खटखट थांबली तेव्हा तिला वाटलं, धोट्यातलं सूत संपलं असेल. तिनं गॅस बारीक केला, आदल्या दिवशी सूत भरून ठेवलेल्या दोन कांड्या उचलल्या आणि मागाच्या खोलीकडे निघाली.

"तिथीच थांब," सासूबाई म्हणाल्या. "पाय आपटू नोको."

सत्यशीलाबाई मागावर ताठ बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, चणीनं बारकी बाई. पण ह्या मागावर बसली की तिच्यापुढं मुलगेसुद्धा आवाज चढवत नसत. आज तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि वरच्या ओठावर घाम होता.

"काय झालं, आई?"

"खड्ड्यात हाये."

"काय?"

"परड."

पुस्तकात जिला घोणस म्हणतात ती आमच्याकडची परड. सावली तालुक्यात धानाच्या दिवसांत एखाद्या गावातून कोणी ना कोणी तिच्यापायी दवाखान्यात जातंच, आणि जाणारा प्रत्येक जण परत येतो असं नाही. ती नागासारखी फणा काढून सांगायला येत नाही. पडून राहते, कुकर शिट्टी द्यायच्या आधी फुसफुसतो तशी फुसफुसते, आणि कोणाचा पाय पडला की विषय संपला.

नूतनला सगळ्यात आधी आठवलं ते मडकं. पण ते तिनं लगेच मनातल्या मनात दडपलं. आधी सासूचे पाय, मग बाकीचं.

हा खड्ड्याचा माग. सासऱ्यांनी, बापूरावांनी, लग्नाच्या साली स्वतः कुदळ मारून खणलेला. बापूरावांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावकीची सगळी कामं टाकली होती, ढोर ओढणं टाकलं, सांगावे नेणं टाकलं, पण माग टाकला नाही. माग आपला आहे, तो कोणी आपल्यावर लादलेला नाही, असं ते म्हणत. विणणारा जमिनीच्या पातळीवर फळीवर बसतो आणि पाय खाली कंबरभर खड्ड्यात सोडतो. खाली दोन पावड्या, पायानं दाबायच्या पट्ट्या. उजवी दाबली की डावी वर येते, डावी दाबली की उजवी. वर छताखाली एक आडवी दांडी मधोमध टांगलेली असते, तराजूची असते तशी, आणि तिच्या दोन टोकांना दोन पावड्यांचे दोर. ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली, मधून धोटा पळतो. एवढंच सगळं शास्त्र. पण आज त्याच शास्त्रानं बाईला धरून ठेवलं होतं.

"उजवी दाबून हावो मी," सत्यशीलाबाई ओठ न हलवता बोलत होत्या. "डावी वर हाये. ते डावीच्या खाली येऊन बसली. चार बोटांचंही अंतर नाई."

नूतनला समजायला काही उशीर लागला नाही. उजवा पाय उचलला की डावी पावडी खाली येणार, सरळ परडीच्या अंगावर. आणि परडीच्या तोंडापासून त्या पायाचा घोटा वितीवर.

"डावा पाय?"

"तो वर घेतला. मांडी घालून बसली हावो एका पायाची. उजवा नाई उचलता येत."

"मी बोलावतो सगळ्याले," नूतन म्हणाली, आणि पावलं न वाजवता मागे सरकली.

अंगणात दोघं भाऊ बसले होते. थोरले प्रफुलभाऊजी, नागभीडला शाळेत मास्तर, दोन दिवसांपूर्वी लेकीला घेऊन आलेले. धाकटा अश्विन, नूतनचा नवरा, घरची चार एकर कसणारा. कालपासून दोघांमध्ये एकच विषय होता, आईला नागभीडला न्यायचा. नंदिनीला भामरागडकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी लागली होती. तिकडे थंडी हाडं फोडते, म्हणून आजी तिच्यासाठी पासोडी विणत होती, दोन पाट जोडून केलेलं जाड सुती पांघरूण, ह्या घरातल्या प्रत्येक पोराला घर सोडताना मिळत आलेलं. पहिला पाट झाला होता, दुसरा आज उतरायचा होता. पासोडी झाली की आईला मी नागभीडला नेतो आणि खड्डा बुजवून टाइल्स घालू, असं प्रफुलभाऊजींनी काल वर्षावासाचं वाचन आटोपल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सासूबाई नाही म्हणाल्या. अश्विन गप्प बसला. नवऱ्याचं गप्प बसणं म्हणजे काय, ते बायकोला कोणी समजावून सांगावं लागत नाही. नूतन कालपासून त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आता तिनं दोघांना एका दमात सांगितलं. अश्विन उठला तो थेट कुडाला टेकवलेली काठी घ्यायला धावला. प्रफुलभाऊजी उठलेच नाहीत. त्यांच्या हातातला कप कलंडून चहा पायजम्यावर सांडला.

"पळू नका," नूतन म्हणाली. "जमीन हादरली तं ते हलन."

तिघं दाराशी आले तेव्हा आंघोळ करून आलेली नंदिनी आधीच तिथं उभी होती, ओले केस तसेच, हातात मोबाइल. तिनं बॅटरी लावून उजेड खड्ड्यात सोडला. सगळ्यांनी मान वाकवली. डावीकडच्या कोपऱ्यात, पावडीच्या खाली, मातकट रंगाची जाड वेटोळी. त्यांच्यावर साखळीसारखे काळपट गोल ठिपके. पोट श्वासाबरोबर फुगत होतं. आणि तिच्यापलीकडे एक लहानसं मडकं, वरची झाकणी सरकलेली, भोवती पांढरा शिंतोडा.

"ते मडकं कशाचं आहे?" प्रफुलभाऊजींनी विचारलं.

मडकं खळीचं होतं. तांदळाची पातळ पेज, ताण्याच्या सुताला कुंच्यानं लावायची, म्हणजे धागा तुटत नाही. काल संध्याकाळी उरलेली खळ ओट्यावर ठेवली तर गरमीनं आंबेल, आणि सकाळी सासूबाईंना उठबस पडेल, म्हणून नूतननंच ते मडकं खड्ड्यातल्या गारव्यात ठेवलं होतं. ह्या घरात लग्न करून आली त्या आठवड्यात सासऱ्यांनी तिला पहिला नियम सांगितला होता, खड्ड्यात अन्नाचा कण ठेवायचा नाही. खळीवर उंदीर येतो, उंदरामागं काय येतं ते सांगायला नको. चौदा वर्षं तिनं तो नियम पाळला. काल कंटाळा केला.

"मी ठेवलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

नूतननं चमकून पाहिलं. सासूबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या.

"मीच ठेवलं काल. इसरली काढाले. आता तेचा पंचनामा करता का मले काढता?"

आत्ता हे बोलायची वेळ नाही, असं नूतननं स्वतःला सांगितलं. खरं तर तिला भीती वाटली, साधी आणि सरळ. काल ह्याच भाऊजींनी तिला म्हटलं होतं, आई तुझ्या भरवशावर आहे म्हणून मी निवांत झोपतो, नूतन.

नंदिनीनं बाहेर जाऊन सावलीच्या सर्पमित्राला फोन लावला. लोकेश त्याचं नाव. तो व्याहाडच्या पलीकडे एका घरी नाग पकडायला गेला होता. पाऊण तास लागेल म्हणाला, तोवर आजीला म्हणावं, पाय हलवू नका, आणि कोणी काठीनं डिवचू नका. तिनं अ‍ॅम्ब्युलन्सलाही सांगून ठेवलं.

"पाऊण तास," प्रफुलभाऊजी म्हणाले. "आई, पाऊण तास काढशील ना?"

"गुडघ्याले इचार," आई म्हणाली.

तो गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलेला होता. नूतनला इथूनही दिसत होतं, लुगड्याखाली मांडी थरथरायला लागली होती. पाऊण तास सोडा, पंधरा मिनिटंही तो पाय दाबून राहणार नव्हता.

बातमीला पाय असतात. शेजारची शकुबाई कुंपणातून येऊन दारात उभी राहिली आणि आत डोकावून तिनं पदर तोंडाला लावला. "अश्विन, त्या पलीकडच्या टोलीवरच्या मांत्रिकाले बोलाव बाप्पा. तो मंतर मारते तं जनावर आपोआप निंगून जाते. माझ्या भाच्याले..."

अश्विननं आईकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेवढ्यापुरती आशा आलेली नूतनला दिसली, आणि तिला नवऱ्याची कीव आली. हा माणूस दर पौर्णिमेला विहारात पुढं बसतो.

"शकुबाई," खड्ड्यावरून आवाज आला, "तुम्ही माया केली, बरं झालं. पण बापूरावच्या घरात मांत्रिक याचा असन तं मी मेल्यावर येऊ द्या. जित्तेपणी नाई."

शकुबाई पायरीवर बसली. पण गेली नाही. तेवढं शेजारपण तिच्यात होतं.

"मंग मी मारतो," अश्विन म्हणाला. "दादा, तू उजेड धर. एका घावात डोस्कं."

"एका घावात?" प्रफुलभाऊजींचा आवाज फाटला. "अन् हुकला तं? तुझी काठी ताण्यात अडकते, खड्ड्यात पोचतच नाही. अन् तेवढ्यात ते आईच्या पायाले..." एरवी तोलून मापून बोलणाऱ्या मास्तरांची भाषा घाबरल्यावर थेट गावात येऊन पोचली होती. "नाई. मी सांगतो ते कर. पासोडी काप. ते कपडा गुंडाळलेलं लाकूड आईच्या मांडीवर आडवं येऊन राह्यलं. ताना कापला का लाकूड निंगते, अन् दोघं मिळून आईले झटक्यात वर उचलू."

"काप मंग," अश्विन लगेच म्हणाला. काल गप्प राहून दिलेला होकार आज त्यानं तोंडानं दिला. "सुरी आण, नंदिनी."

"कापू नोको," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता त्या पासोडीचा जीव धरतेस?" प्रफुलभाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुकानात दोन हजारात ब्लँकेट मिळते. तू कोठून मिळशील मले?"

सत्यशीलाबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण मांडीला पेटका आला असावा, त्यांनी डोळे मिटून दात आवळले. प्रफुलभाऊजींनी नंदिनीच्या हातून सुरी घेतली आणि एक पाऊल आत टाकलं.

नूतन मध्ये उभी राहिली. चौदा वर्षांत ती जेठांसमोर अशी उभी राहिली नव्हती.

"भाऊजी, आई पासोडीसाठी नाई म्हणून राह्यल्या. तुम्ही कधी ताना कापला हाये का? हा ताना मांगच्या खुंट्याले दोरानं ताणलेला हाये. एकदम कापला का अख्खा माग हिसका खाते. वरची दांडी नाचते, पावड्या नाचतात. पहिली डावीच खाली येईन."

प्रफुलभाऊजी सुरी धरून तसेच थांबले. त्यांनी लहानपणी कांड्या भरल्या होत्या, पण मागावर ते कधी बसले नाहीत. वडिलांनीच बसू दिलं नव्हतं. तू शीक, बाबा, एवढंच ते म्हणत.

"खरं हाये का, आई?"

सत्यशीलाबाईंनी पापण्या मिटून हो म्हटलं.

"मग काय करायचं?" हे नंदिनीनं विचारलं, आणि तिनं ते बापाला नाही, काकूला विचारलं.

नूतन वर पाहत होती. छताच्या वाशाखाली टांगलेली ती दांडी. उजवं टोक खाली, डावं वर. सासूबाईंच्या पायाचं सगळं वजन त्या उजव्या टोकावर.

"दांडी बांधाची," ती म्हणाली. "जशी हाये तशीच, वाशाले. मंग आईनं पाय उचलला तरी डावी खाली येनार नाई."

"तिथं पोचायचं तर ताण्यावरून वाकावं लागेल," नंदिनी म्हणाली.

"हो."

"मी करतो," अश्विन म्हणाला. पण तो साडेपाच फुटी, ऐंशी किलोचा माणूस. फळीवर तो चढला असता तर फळी कुरकुरली असती, आणि हे त्यालाही माहीत होतं. तो पडवीतून नायलॉनची दोरी घेऊन आला, तेवढंच त्याच्या हातात होतं.

"हे नोको. नायलॉनची गाठ सरकते." नूतननं भिंतीवरचं ताण्याचं उरलेलं सूत काढलं, खळ खाऊन कडक झालेलं. आठ पदर केले, मांडीवर घासून पीळ दिला. पीळ एकदा उलगडला, तिनं पुन्हा दिला. आपल्यामुळे हे झालं आणि आपल्याच हातानं ही बाई मरेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. काल ते मडकं उचलून ओट्यावर ठेवायला दोन मिनिटं लागली असती.

"लवकर, नूतन," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पाय आपला राह्यला नाई आता."

नूतननं चपला कधीच काढल्या होत्या. ती सासूबाईंच्या उजव्या बाजूनं फळीवर आली, एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग हळूहळू उभी राहिली. पोट ताण्याच्या धाग्यांना लागू न देता तिला वर पोचायचं होतं. खाली पाहायचं नाही असं ठरवूनही तिनं पाहिलं. धाग्यांच्या फटीतून परडीचं डोकं दिसलं, तिकोनी, वेटोळ्यांवर टेकवलेलं. ती मेल्यासारखी निवांत होती.

"वर पाह्य," सासूबाई हळूच म्हणाल्या. "खाली मी हावो पाहाले."

तिनं सूत वाशावरून टाकलं. दांडीच्या डाव्या टोकाला दोन वेढे दिले. आता ओढायचं. जास्त ओढलं तर उजवी पावडी सासूबाईंचा पाय घेऊन आणखी खाली दबेल. कमी ओढलं तर ढिलाई राहील, आणि जेवढी ढिलाई तेवढी डावी खाली येणार. खाली चार बोटंही जागा नाही.

"किती, आई?"

"ओढ. अजून. अजून जराशी. बस."

"बस?"

"बस म्हटलं ना. गाठ मार. मागवाल्याची मार, भाजीवाल्याची नोको."

नूतननं गाठ मारली. सासूबाईंनीच शिकवलेली, ओढ पडली की आणखी घट्ट होणारी. मग वरून दुसरी. मग तिला वाटलं पहिली चुकली, तिसरी मारली.

"आता दोघं भाऊ मांगं या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "काखेत हात घाला. मी बस म्हणत नाई तोवर ओढू नोका."

प्रफुल आणि अश्विन गुडघ्यांवर रांगत आले. पन्नाशीचा मास्तर आणि चाळिशीचा शेतकरी, दोघं आईच्या पाठीला चिकटून बसले. नूतन फळीवर तशीच उभी, हात वर, दांडी हातानंही धरून. गाठीवर तिचा भरवसा नव्हता.

सत्यशीलाबाईंनी टाच उचलली.

दांडी कचकली. डावी पावडी खाली आली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थांबली. खड्ड्यातून फुसकारा आला, लांबलचक, भरलेल्या ट्यूबमधून हवा सोडावी तसा. शकुबाईनं पायरीवर तोंडात पदर कोंबला. नंदिनीच्या हातातला उजेड हलायला लागला.

नूतन मनात आकडे मोजायला लागली. एकवीसवर फुसकारा थांबला.

"बस," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मुलांनी ओढलं. हळू नाही, झटक्यानंही नाही, भरलेलं पोतं दोघांनी मिळून मागे सरकवावं तसं. गुडघा त्या आडव्या लाकडाला घासला, लुगडं खिळ्यात अडकून टरकन फाटलं, आणि सत्यशीलाबाई दोन्ही मुलांच्या अंगावर उताण्या पडल्या. नंदिनीनं झेप घेऊन आजीचे पाय धरले. टाचा पाहिल्या, घोटे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, पुन्हा टाचा पाहिल्या.

"नाही," ती म्हणाली. "कुठंच नाही." आणि नर्सबाई भोकाड पसरून रडायला लागली.

लोकेश आला तेव्हा सगळे अंगणात बसले होते. पोरगेला माणूस, पण कामात पक्का. त्यानं आकड्यानं परड बाहेर काढली, पिशवीत घातली, खड्ड्याच्या भिंतीतली उंदराची दोन बिळं दाखवली आणि मडकंही वर काढून ठेवलं. "खळीवर उंदीर आले, उंदरावर हे आली," तो म्हणाला. "आजी, नशीब तुमचं." मग तो जंगलाच्या वाटेनं निघून गेला.

ओट्यावरच्या पुऱ्या करपून काळ्या झाल्या होत्या. कोणाला त्यांची शुद्ध नव्हती. प्रफुलभाऊजी हात-पाय धुऊन आले, खुर्ची ओढून आईसमोर बसले. आता ते पुन्हा मास्तर झाले होते.

"आई, उद्या नंदिनी गेली की आपण नागभीडला जायचं. हे बघ, मी रागानं नाही बोलत. जो नियम बाबांनी घातला, जो तू आम्हाला पाठ करून घेतलास, तोच तू विसरलीस. आज मडकं विसरलीस, उद्या गॅस विसरशील. वय झालं, ह्यात तुझा काही दोष नाही. अश्विन, खड्डा बुजवून घे."

"बरं, दादा," अश्विन म्हणाला. ह्या वेळी त्याचं म्हणणं चूक होतं असं नूतनलाही म्हणता येईना. आई खड्ड्यात बसलेली त्यानं पाहिली होती.

सत्यशीलाबाई पायाला तेल चोळत होत्या. काल ह्याच विषयावर वाघिणीसारखी झडप घालणारी बाई खाली मान घालून म्हणाली, "नेतो म्हणतं तं येतो. चार पातळं भरून दे, नूतन."

नूतनला तेव्हा कळलं. हे एक मडकं अंगावर घेतल्यामुळे ह्या बाईचं घर सुटणार होतं, माग सुटणार होता, नवऱ्यानं खणलेला खड्डा सुटणार होता. आणि तरी ती तोंड उघडणार नव्हती. सुनेला कोणी बोल लावू नये एवढ्यासाठी. नूतन गप्प राहिली असती तर तिच्यावर कधीच काही आलं नसतं. चौदा वर्षांची पत जशीच्या तशी राहिली असती. हे तिला दिसत होतं.

"मडकं मी ठेवलं होतं," ती म्हणाली.

सत्यशीलाबाईंचा तेल चोळणारा हात थांबला.

"काल संध्याकाळी. कंटाळा केला मी. आई खोटं बोलल्या. त्या काहीच इसरल्या नाईत."

अश्विन तिच्याकडे पाहत राहिला, मग त्यानं मान फिरवली. प्रफुलभाऊजींचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "तू? अन् मघापासून तू तोंड शिवून... नूतन, माझी आई मेली असती."

"हो."

"मग तर तिला इथं ठेवायचा प्रश्नच नाही. कोणाच्या भरवशावर ठेवू?"

"बाबा," नंदिनी म्हणाली, "काकूनं दांडी बांधली नसती तर तुम्ही पासोडी कापत होता."

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलू दे तिले," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "अन् मले ठेवाले मी का मडकं हावो? ऐक, प्रफुल. खरं बोलाचंच असन तं मीही बोलतो. मले भेव बसलं. आता त्या खड्ड्यात पाय सोडाचा म्हटलं तं माझ्या पोटात पाणी होते. एवढी उमर गेली तिथं, पण आज नाई होत. म्हणून मी येतो म्हटलं. हिच्यासाठी अर्धं, अन् भेवासाठी अर्धं."

त्यांनी एवढं कधी कोणासमोर कबूल केलं नव्हतं.

"पोरगी उद्या सकाळी चालली. वीतभर राह्यलं. मंग दोन पाट शिवाचे, दशा वळाच्या. आज माग बंद पडला तं तो बंदच पडते, मले माहीत हाये, घरोघरचे पाह्यले मी. माझा पाय उतरत नाई. हिचा उतरला तं माग राहते. माग राहते तं मी इथी राहतो, हिच्या मांगं फळीवर बसून शिव्या देतो. नाई उतरला तं आजच बुजव, मी काही बोलत नाई."

सगळे नूतनकडे पाहायला लागले. सासूबाई तिला शिक्षा देत होत्या की घर देत होत्या, ते तिला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"बिळं?" तिनं विचारलं.

"मी बुजवतो," अश्विन उठत म्हणाला. "माती-गिट्टी घालून. आत्ताच." त्यानं तिच्याकडे न पाहताच कुदळ घेतली. पण घेतली.

अर्ध्या तासानं खड्डा झाडून झाला, बिळं ठेचून झाली, नंदिनीनं चारही कोपऱ्यांत उजेड फिरवून तीनदा पाहिलं. तिथं काही नव्हतं. काही नाही हे नूतनला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ती फळीवर बसली. वर हात करून तिनं स्वतः बांधलेली गाठ सोडवायला घेतली, ती सुटेना, शेवटी सुरीनं कापली. दांडी मोकळी होऊन डोलली.

मागे सत्यशीलाबाई येऊन टेकल्या. प्रफुलभाऊजी दारात उभे होते, आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

खाली गार होतं. नूतनच्या तळपायांना ते वरूनच लागत होतं.

"उजवा पहिले," सासूबाई म्हणाल्या.

नूतननं उजवा पाय अंधारात सोडला आणि पावडी दाबली.